झुरिया आणि सुलभा

स्मिता पाटीलच्या अभिनयाबद्दल माझा वाद नाही. वाद भूमिकांच्या वाटणीबद्दल आहे. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त ती चर्मकार दुखीची बायको झुरिया होते. ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडताना नवरा मरतो. तिच्या वाट्याला आक्रोश येतो. १९८२ च्या ‘उंबरठा’त तीच सुलभा महाजन होऊन निर्णयपूर्वक घर सोडते. पांढरपेशा स्त्रीला नकार आणि दलित स्त्रीला नुसता शोक, हे कसे? आमच्या बीड जिल्ह्यातली बाई दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. हिशेबात दोघांचा मिळून एकच ‘कोयता’. तिने उंबरठा केव्हाच ओलांडला आहे, पण पोटासाठी. झुरियाच्या रडण्यात स्मिताने पेरलेला संताप मला दिसतो. पटकथा त्या संतापाला कृती देत नाही.