काठाचे धोतर

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुलांच्या पोशाखाचा विषय निघाला की आपल्या पांढरपेशा वाचकाच्या डोळ्यांपुढे लोणावळा-खंडाळ्याचे बंगले उभे राहतात. झालरीचे फ्रॉक, गुडघ्यापर्यंतचे मोजे, खलाशी पद्धतीचा सदरा. या चित्रात खोटे काही नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण निरागस नाही. पोशाखाचा इतिहास लिहिणारे कोणाचे मूल काय घालत होते हे विचारतात. कोणाच्या मुलाला काय घालू दिले जात नव्हते, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. तेथे वरच्या थरातील मुलगा चार ते सात वर्षांचा होईपर्यंत मुलीसारखाच झगा घाली. मग एक दिवस त्याला पहिली विजार चढवली जाई, आणि घरात तो एक समारंभच असे. १८४६ साली राणीच्या थोरल्या मुलाचे खलाशी पोशाखातील चित्र विंटरहाल्टर या चित्रकाराने काढले आणि पुढे तो पोशाख मध्यमवर्गाच्या घराघरांत गेला. गरिबांच्या मुलांच्या अंगावर मात्र चिंध्याच होत्या. त्यांच्यासाठी निघालेल्या धर्मार्थ शाळांना नावच ‘रॅग्ड स्कूल’, म्हणजे चिंध्यांची शाळा, असे पडले. या शाळांचा संघ लंडनमध्ये १८४४ साली स्थापन झाला. तेव्हा तेथेही विषमता होती, आणि ती क्रूर होती. पण तेथील पोशाख मुलाचे वय सांगे आणि बापाची मिळकत सांगे. वय वाढते, मिळकत बदलू शकते. चिंधी टाकून नवा सदरा घातलेल्या पोराला पाहून कोणी चार पावले मागे सरत नसे.

आता आपल्याकडे या. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि मावळातील लोणावळे हे रेल्वेचे गाव बनले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात तेथील रेल्वेच्या शाळेची आणि ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांची नोंद आहे. त्याच गॅझेटियरात जिल्ह्यातील लोकांचा पोशाख कसा वर्णिला आहे, हे पाहण्यासारखे आहे. एकेक जात घ्यायची आणि तिचे घर, अन्न, वस्त्र सांगायचे, अशी ती मांडणी आहे. ज्या साहेबाच्या देशात कपड्यावरून वय आणि वर्ग ओळखत, त्याने येथे कपड्याचे खाते जातीच्या नावावर मांडले. ही त्याची कल्पना नव्हती. गावाने आधीच तसे मांडून ठेवले होते आणि त्याने ते छापले.

रेल्वे स्टेशनावर मुलांचा कपडा कसा वाचला जाई, याची सर्वांत नेमकी नोंद सातारा जिल्ह्यातील मसूरची आहे. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. त्याच वर्षी सुमारे नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीचा मुलगा वडिलांना भेटायला निघाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या इंग्रजी आठवणीत बाबासाहेबांनी प्रवासासाठी केलेले कपडे मुद्दाम सांगितले आहेत: विलायती धर्तीचे नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. कपडे पाहून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी केली. मुलाच्या तोंडून ‘महार’ हा शब्द निघाला आणि मास्तरचा चेहरा पालटला. पुढे दुप्पट भाडे देऊ केल्यावर गाडीवान कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर.

समीक्षकांनी या प्रसंगात अपमान पाहिला. तो आहेच. पण रेशमी काठाकडे फारसे कोणी पाहिले नाही. बाबासाहेबांनीच १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या भाषणात इंदूरकडील बलाई समाजावर १९२८ साली लादलेले नियम दिले आहेत. त्यांत रंगीत वा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, असे स्पष्ट कलम आहे. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये महार बायकांनी लुगड्याचा काठ निऱ्यांखाली दडवून नेसायचा, ही रीत येते. सदरा अंग झाकतो. काठ मात्र केवळ शोभेसाठी असतो. जातिव्यवस्थेला अस्पृश्याचे झाकलेले अंग कसेबसे चालले, त्याची शोभा चालली नाही. म्हणून एका निवृत्त सुभेदाराच्या घरातील मुलांच्या धोतराला रेशमी काठ असणे ही हौस नव्हती. तो त्या घराने आपल्या लेकरांविषयी केलेला निर्णय होता.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळाला मृतांची वस्त्रे नेमून देतो आणि गावाने प्रेतावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ ठरवला. त्या कापडातून घरातील पोराची कुंची नि अंगडे निघत असेल, तर बाळाच्या पहिल्या कपड्यालाच मसणवट्याचा वास होता. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची जुनी खूण टाकण्यास, स्वच्छ राहण्यास सांगितले. या दोन गोष्टी वेगळ्या काढून वाचता येत नाहीत. बाबासाहेबांच्या सुटाला ‘साहेबी अनुकरण’ म्हणणाऱ्या टीकाकारांनी काठाचा हा इतिहास वाचलेला नसतो. अनुकरण म्हणायला आधी निवडीचे स्वातंत्र्य असावे लागते. येथे त्या स्वातंत्र्यासाठीच भांडण होते.

तेव्हा मावळातील शिक्षक-विद्यार्थ्यांपुढे एक काम आहे. लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांची छायाचित्रे जमवणारे पुष्कळ आहेत. कार्ल्यापासून वडगावपर्यंत गावोगावच्या बौद्धवाड्यांत जाऊन म्हाताऱ्या आयाबायांना विचारावे: पहिले अंगडे कशाचे शिवले? शाळेत पहिल्या दिवशी काय घालून पाठवले? गावातून जाताना काय झाकावे लागले? ही उत्तरे लिहून काढल्याशिवाय मुलांच्या पोशाखाचा इतिहास हा केवळ कपाटांचा इतिहास राहील, आणि आपल्या आज्यांकडे कपाटे नव्हती.