मिनिटांत मोजलेली कारकीर्द

खो-खोची बातमी वाचायला शिकावं लागतं. क्रिकेटचं सगळं उरकल्यावर क्रीडापानाच्या तळाशी दोन बोटांची जागा उरते, तिथे ती बसवलेली असते. जिंकलेला संघ, हरलेला संघ आणि मग नावांची रांग. नावापुढे कंसात आकडे: इतकी मिनिटं, इतके सेकंद संरक्षण, इतके गडी. कुणापुढे ‘नाबाद’. विशेषणं नाहीत, छायाचित्र बहुतेक वेळा नाही. ज्यानं खेळ कधी पाहिलाच नाही त्याला ही वाण्याची वही वाटेल. मैदानाच्या कडेला, फक्कीच्या रेषेपाशी उभं राहून ज्यानं चार डाव पाहिलेत, त्याला मात्र ‘दोन मिनिटे दहा सेकंद’ एवढं वाचलं की अख्खी धाव डोळ्यांपुढे येते.

दोन मिनिटं दहा सेकंद म्हणजे किती? घड्याळात काहीच नाही. पण खांबापासून खांबापर्यंतच्या त्या पट्ट्यात आठ जणी एकाआड एक उलट तोंडं करून बसल्या आहेत, नववी अंगावर येते आहे, आणि तिनं कोणत्याही क्षणी बसलेलीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटलं की ताज्या दमाची दुसरी उठते. पाठलाग करणारी बदलत राहते, पळणारी तीच. आक्रमकांना नियमांची बेडी मात्र मोठी. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारीला सगळं मोकळं. म्हणजे एकीकडे नऊ जणींची ताकद आणि हातपाय बांधलेले, दुसरीकडे एकटीचा दम आणि पूर्ण स्वातंत्र्य. पळणाऱ्या तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. पारंपरिक डाव नऊ मिनिटांचा. एका तुकडीनं तीन मिनिटं काढली तर तीन तुकड्यांत डाव संपतो, आणि समोरच्या संघाच्या खात्यात कसेबसे नऊ गडी पडतात. दोन मिनिटं दहा सेकंद टिकलेली मुलगी म्हणजे सामन्याचा तोल आपल्या बाजूला ओढून आणलेली मुलगी.

या टिकण्यातही जाती आहेत. साखळी करून बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाणं हा एक प्रकार. त्यात लय असते, प्रेक्षकांना तोच जास्त आवडतो. दुसरा प्रकार खांबाजवळचा. तिथे जागा थोडी आणि जोखीम मोठी, कारण खांब आला की आक्रमकाला दिशा बदलता येते आणि एका हातानं खांब धरून अंग झोकून दिलं की हात अनपेक्षित लांब पोचतो. मला स्वतःला तिसराच प्रकार मोलाचा वाटतो. त्यात पळणारी जवळजवळ पळतच नाही. ती आक्रमकाला जवळ येऊ देते, खांदा एका बाजूला टाकते, पाय दुसऱ्या बाजूला नेते, आणि समोरची खो द्यावा की पुढे जावं या विचारात अर्धा क्षण अडकते. त्या अर्ध्या क्षणाची कमाई दोन-तीन सेकंदांची. असे सेकंद जमवत जमवत दोन मिनिटं होतात. खो-खोमधली थोरवी ही स्पर्श न होऊ देण्याची थोरवी आहे, म्हणून तिची खूण मैदानावर उरत नाही. गोल दिसतो, षटकार दिसतो. न लागलेला हात कोण लक्षात ठेवणार?

आमच्या धाराशिव जिल्ह्यानं हे न दिसणारं कसब पिढ्यान् पिढ्या जोपासलं आहे. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. दोन खांब, चुन्याची फक्की आणि ढेकळं फोडून सपाट केलेली जागा एवढ्यावर खेळ उभा राहतो. बॅट नको, चेंडू नको, बूटसुद्धा नसले तर चालतं. 1993 च्या भूकंपानंतर सास्तूरच्या पट्ट्यात नव्यानं वसवलेल्या गावांना रुंद रस्ते मिळाले. म्हातारी माणसं त्या ऐसपैस रस्त्यांना नावं ठेवत राहिली, पोरांनी त्यांत मैदानं पाहिली. कोरडवाहू मुलखातल्या शाळेला परवडणारा खेळ तो हाच.

याच जिल्ह्याची सारिका काळे. भारतीय महिला संघाची माजी कर्णधार. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत भारतानं महिला खो-खोचं सुवर्ण जिंकलं ते तिच्या नेतृत्वाखाली. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोला हा पुरस्कार मिळाला होता 1998 मध्ये, शोभा नारायण यांना. मधली बावीस वर्षं खो-खो खेळला जात होता, राष्ट्रीय स्पर्धा होत होत्या, मुली धावत होत्या, फक्त दिल्लीला कोणी दिसत नव्हतं.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा बहुतेक बातम्यांनी एकच वाक्य उचललं. सारिकानं वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. वडिलांची कमाई फारशी नाही, आई शिवणकाम आणि घरकाम करणारी, घर चालायचं आजी-आजोबांच्या मिळकतीवर. मथळ्याला हे पुरेसं होतं. मला या वाचनाविषयी तक्रार आहे. गरिबीतून पुरस्कारापर्यंत अशी सरळ रेघ ओढली की मधला खेळ गळून पडतो. ती मुष्टियोद्धा असती, धनुर्धर असती, तरी बातमी तीच राहिली असती. रसिकानं तिच्या त्याच मुलाखतीतलं पुढचं वाक्य वाचायला हवं होतं: चांगला आहार मिळायचा तो फक्त शिबिरात असताना किंवा स्पर्धेला गेल्यावर.

हे वाक्य खो-खोच्या आतून वाचा. पळणाऱ्याचा कस लागतो तो दुसऱ्या मिनिटात. पहिल्या मिनिटात सगळेच चपळ असतात. दुसऱ्या मिनिटात पोटऱ्या जड होतात, हुलकावणी द्यायला लागणारं ते खांद्याचं अंग वळत नाही, आणि सूर मारणारा हात जिथे पोचायला नको तिथे पोचतो. हे दुसरं मिनिट जेवणाचं मिनिट आहे. घरी असताना एका जेवणावर सराव करायचा आणि शिबिराच्या थोड्या दिवसांत पोट भरायचं, म्हणजे शरीर तयार होतं ते स्पर्धेच्या तोंडावर, घाईघाईनं. मग जी खेळाडू अशा अंगानं भारतीय संघापर्यंत पोचते, तिचा खेळ ताकदीवर उभा नसणार, काटकसरीवर उभा असणार. एक पाऊल जास्त टाकायचं नाही, एक वळण वाया घालवायचं नाही. हा माझा तर्क आहे, पण खेळाच्या गणितावर बेतलेला आहे. भुकेचं कौतुक मात्र यात कोणी शोधू नये. दोन वेळा जेवली असती तर ती अधिक चांगली खेळली असती, एवढंच.

2016 हेच सुवर्णाचं वर्ष आणि हेच खेळ सोडायला निघाल्याचं वर्ष. घरची पैशाची अडचण इतकी वाढली होती की तिनं थांबायचं ठरवलं होतं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावून तिला मैदानावर परत आणलं. भारताच्या कर्णधाराला घरखर्चापायी खेळ सोडावासा वाटतो, ही गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या एका खेळात, सव्वाशे वर्षांपूर्वी इतकी पेटली होती की त्यातून एक स्वतंत्र खेळच जन्माला आला.

इंग्लंडच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणींच्या आणि कापडगिरण्यांच्या मुलखात रग्बी खेळणारे बहुतेक कामगार होते. शनिवारी खेळायचं तर रोज बुडायचा. क्लबांचं म्हणणं होतं की बुडालेला रोज भरून द्यावा, दिवसाला सहा शिलिंगपर्यंत. लंडनच्या साहेबी मंडळींना हे पटेना. त्यांच्या मते खेळ हौसेचा, पैसा आला की बाटला. 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी फारकत घेतली. त्या फारकतीतून पुढे तेरा खेळाडूंची रग्बी लीग आकाराला आली. 1898 मध्ये उघड पैसे द्यायला परवानगी मिळाली, पण गंमत अशी की खेळाडूला दुसरी नोकरी असलीच पाहिजे अशी अट घातली. काम गेलं की खेळही गेला. आमच्याकडे नेमकं उलटं. इथे आधी खेळायचं, पदकं आणायची, प्रमाणपत्रं जपून ठेवायची, आणि त्याच्या जोरावर सरकारी नोकरीच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे डोळे लावून बसायचं. तिकडे नोकरी ही खेळाची पायरी होती, इकडे खेळ हीच नोकरीची पायरी.

योगायोग म्हणावा तर सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो 29 ऑगस्ट 2020 ला, म्हणजे त्या बैठकीला बरोबर सव्वाशे वर्षं झाली त्या दिवशी. आपल्याकडे तो ध्यानचंद यांच्या जन्माचा, राष्ट्रीय क्रीडादिनाचा दिवस. कोरोनामुळे त्या वर्षी सगळा समारंभ पडद्यावरच झाला.

रग्बी लीगच्या माणसांच्या कारकिर्दी कशा लिहिलेल्या असतात तेही पाहण्यासारखं आहे. तिथेही आकडेच, पण जमेचे: किती सामने, किती ट्राय, किती गोल. क्लाइव्ह सलिव्हन घ्या. कार्डिफचा कृष्णवर्णीय मुलगा. लहानपणी पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की हा धड चालेल की नाही अशी शंका होती. तो पुढे हल एफसीसाठी 250 ट्राय करून गेला, आणि 1972 चा विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटन संघाचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाशी 10-10 अशी बरोबरी झाली आणि आधीच्या सामन्यांतल्या कामगिरीवर चषक ब्रिटनकडे गेला; त्या सामन्यात त्याची मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव आहे. 1985 मध्ये तो वारला. हल शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे. अडीचशे ट्राय म्हणजे अडीचशे वेळा चेंडू रेषेपलीकडे टेकवलेला, हजारो लोकांनी पाहिलेला. शहराला रस्त्याला देण्याजोगं काहीतरी हाताशी होतं. स्पर्श चुकवण्यात ज्यांची उमेद खर्च झाली त्यांच्या जमाखात्यात असं दाखवण्याजोगं काय असतं? न पडलेले गडी.

म्हणून मला वाटतं, सारिकाच्या चरित्रातला सर्वांत बोलका भाग पुरस्कार नव्हे, त्याआधी लागलेली नोकरी. पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. हे पद बाहेरून रटाळ दिसतं. शालेय स्पर्धांची वेळापत्रकं, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, जन्मदाखले तपासणं, क्रीडा संकुलाचं कुंपण, अनुदानाचे कागद. पण तालुक्याच्या स्पर्धेत काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पदाचं वजन कळेल. पहिली चाळणी तिथेच लागते. मैदान नीट आखलेलं आहे का, रोवलेला खांब हलतोय का, पंच दिशा बदलल्याचा फाऊल पकडतो का, मुलींचा सामना उन्हं चढायच्या आत लागतो की मुलांचे सगळे आटोपल्यावर उरलेल्या वेळात. या बारीकसारीक गोष्टींवर एखादीचं जिल्ह्याला जाणं ठरतं. जिनं स्वतः खांबाभोवती धाव घेतली आहे तिला खांब हलतोय हे लांबून दिसतं.

खेळ मात्र मधल्या काळात बदलला. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो सुरू झाली: मातीऐवजी मॅट, झगझगीत दिवे, खेळाडू वाटून घेण्याचा ड्राफ्ट, संघांचे मालक. वजीर नावाचा आक्रमक आला, त्याला कोणत्याही दिशेनं पळायची मुभा. वेगासाठी हे ठीकच, पण दिशेच्या बेडीतून जे कोडं तयार होत होतं ते काही अंशी सुटलं, आणि कोडी सुटली की माझ्यासारख्यांची थोडी पंचाईत होते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, आणि संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. सारिकाच्या मागून याच जिल्ह्यानं पुन्हा एक मुलगी भारतीय संघात पाठवली.

आता पैशाचं. अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही हंगाम, 2022 चा बालेवाडीतला आणि नंतरचा कटकमधला, पुरुषांचे झाले. ड्राफ्टमध्ये पुरुषांची नावं पुकारली गेली, मानधन त्यांना मिळालं. हडर्सफील्डच्या हॉटेलात बसलेल्या क्लबवाल्यांनी बुडालेला रोज मागितला होता. लोहाऱ्यातल्या सतरा वर्षांखालच्या संघातल्या मुलीनं आज विचारलं की हा खेळ खेळून पोट भरेल का, तर शिक्षक तिला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आणि प्रमाणपत्रांची फाईल दाखवतात. त्यांचं चुकत नाही. मुलांच्या संघातल्या पोरानं तोच प्रश्न विचारला तर आता निदान बालेवाडीचं नाव तरी घेता येतं.