ध्यानप्रकार, स्वास्थ्य आणि 'मी' : एका संशोधनप्रकल्पाचे परीक्षण

'ध्यान' हा शब्द मराठीत एकवचनी वापरला जातो. त्यामुळे त्या नावाखाली येणारी क्रियाही एकच असावी, असा समज सहज रूढ होतो. परंपरेला हा समज मान्य नाही. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाचव्या शतकातील ग्रंथात चाळीस कर्मस्थाने सांगितली असून, कोणत्या प्रकृतीच्या साधकास कोणते कर्मस्थान हितकर, याचा विचार सहा चरितांच्या आधारे केलेला आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाचे संपादन केले आणि 'समाधिमार्ग' या पुस्तकाच्या द्वारे समाधिभावनेचा विषय मराठी वाचकांपुढे ठेवला. तेव्हा ध्यानप्रकारांची फळे भिन्न असतात, हा विचार नवा नव्हे. तो प्रयोगाच्या कसोटीवर कसा लावावा, हा प्रश्न मात्र नवा आहे.

या प्रश्नाचा आजवर झालेला एक अत्यंत व्यवस्थित प्रयत्न म्हणजे जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर यांच्या नेतृत्वाखाली २०१३ पासून चालविलेला 'रिसोर्स' प्रकल्प होय. त्यात तीनशेहून अधिक प्रौढ व्यक्ती सहभागी झाल्या. शिक्षणक्रम नऊ महिन्यांचा. त्याचे प्रत्येकी तीन महिन्यांचे तीन खंड. पहिल्या खंडात श्वासावर व शरीरावर अवधान ठेवण्याचा अभ्यास, दुसऱ्यात मैत्री व करुणा यांचा, तिसऱ्यात स्वतःच्या विचारांचे निरीक्षण आणि इतरांच्या दृष्टिकोनाचे आकलन. खंडांचा क्रम निरनिराळ्या गटांसाठी बदललेला होता. ध्यानाचा परिणाम 'होतो की नाही' एवढेच न विचारता 'कोणत्या ध्यानाचा कोणता' हे विचारणे, हे या योजनेचे मोठे श्रेय होय.

प्रकल्पातील निष्कर्षांपैकी तीन येथे विचारात घेतले आहेत. तिन्ही २०१७ साली प्रसिद्ध झाले. पहिला बेथनी कोक व सिंगर यांचा. श्वास, शरीर, मैत्री आणि विचारनिरीक्षण या चारही ध्यानांनंतर प्रसन्नता वाढल्याचे साधकांनी नोंदविले. परंतु शरीरावरील ध्यानाने देहाची जाणीव सर्वाधिक वाढली, मैत्रीध्यानाने इतरांविषयीची ऊब आणि विचारनिरीक्षणाने विचारांची जाण. निष्कर्ष सुबक आहे. किंबहुना तो अपेक्षेहून अधिक सुबक आहे. ज्यास शरीराकडे लक्ष देण्यास सांगितले, त्याने शरीराकडे लक्ष गेल्याचे सांगितले. सूचनेतील पद आणि प्रश्नावलीतील पद एकाच कुळातील असेल, तर उत्तराने अनुभव मोजला जातो की सूचनेचा स्वीकार, हे त्या उत्तरावरून ठरविता येत नाही. साधकांनी सांगितलेली क्रिया केली, एवढे त्यातून नक्की सिद्ध होते, आणि तेही थोडे नव्हे. पण तेवढ्यावर स्वास्थ्याचा सिद्धान्त उभा राहत नाही.

ही शंका केवळ तार्किक नाही, असे दुसरा निष्कर्षच सुचवितो. फेरोनिका एंगर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधकांना एका कृत्रिम ताणाच्या प्रसंगाला सामोरे नेले. ताण कमी जाणवल्याचे तिन्ही प्रकारच्या अभ्यासानंतर सांगण्यात आले. लाळेतील कॉर्टिसॉल या द्रव्याचे प्रमाण मात्र करुणेच्या आणि दृष्टिकोनाच्या अभ्यासानंतरच घटले, तेही कमाल ५१ टक्क्यांपर्यंत; केवळ अवधानाच्या अभ्यासानंतर अशी घट दिसली नाही. म्हणजे वाणी आणि देह यांची साक्ष येथे एक नाही. ताण न जाणवणे हेही एक स्वास्थ्यच आहे. परंतु दोन्ही साक्षींना एकच नाव देणे शास्त्रास परवडणारे नाही.

या फरकाचे कारण शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. करुणेच्या व दृष्टिकोनाच्या खंडांत प्रतिदिनी जोडीने करावयाचा एक अभ्यास होता : एकाने दिवसातील प्रसंग सांगावयाचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावयाचे. अवधानाच्या खंडात असा अभ्यास नव्हता. तेव्हा देहावरील परिणाम ध्यानाच्या विषयाचा, की कोणीतरी रोज शांतपणे ऐकून घेण्याचा? संशोधकांनी हा संभाव्य हेतू ओळखला आहे. तथापि मूळ योजनेत ही दोन कारणे एकमेकांपासून वेगळी केलेली नाहीत.

तिसरा निष्कर्ष स्वत्वाविषयीचा. आना-लेना लुम्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली कून व मॅकपार्टलंड यांनी रचलेली, 'मी कोण?' या प्रश्नास वीस उत्तरे मागणारी कसोटी वापरली आणि उत्तरांतील भावनावाचक शब्द मोजले. दृष्टिकोनाच्या अभ्यासानंतर अशा शब्दांत विशेष वाढ दिसली. परंतु याच खंडात साधक स्वतःच्या अंतरंगातील निरनिराळ्या 'अंशांना' नावे देऊन त्यांच्या मुखाने रोज बोलत होते. वाढला तो आत्मप्रत्यय, की आत्मवर्णनाचा शब्दसंग्रह? शब्दगणना या दोहोंत भेद करू शकत नाही.

शिवाय शब्द मोजताना वाक्यरचना निसटते. मराठीत 'मी रागीट आहे' आणि 'मला राग येतो' ही वाक्ये एकाच भावनेविषयी आहेत. पण पहिल्यात राग हा 'मी'चा गुण आहे, तर दुसऱ्यात राग कर्ता आहे आणि 'मी' चतुर्थीत उभा आहे. नऊ महिन्यांच्या अभ्यासानंतर एखादा साधक पहिल्या रचनेकडून दुसऱ्या रचनेकडे वळला, तर भावनावाचक शब्दांची संख्या तीच राहील आणि स्वत्वाचे आकलन मात्र बदललेले असेल. उलटपक्षी, चतुर्थीची रचना ही भाषेची नित्याची सोय असल्याने ती वापरणारा प्रत्येक मराठी भाषक अनासक्त ठरत नाही. व्याकरणावरून तत्त्वज्ञान काढण्याचा मोह टाळूनही एवढे म्हणता येते की, एकाच व्यक्तीच्या भाषेत काळानुसार होणारा रचनाबदल हा शब्दगणनेहून सूक्ष्म पुरावा आहे.

या चर्चेस व्यावहारिक बाजूही आहे. लिंडाल, ब्रिटन प्रभृतींनी २०१७ साली पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरून दाखविले की, 'मी'च्या सीमा विरळ होण्याचा अनुभव कित्येकांना सुखद, तर कित्येकांना भयावह वाटतो. 'स्वत्व शिथिल झाले' या एकाच नोंदीखाली मुक्तीची आणि भीतीची उत्तरे एकत्र पडली, तर साहाय्याची गरज असलेला साधक लाभार्थींत गणला जाईल.

लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाचा प्रायोगिक अभ्यास होत आला आहे आणि इगतपुरीस विपश्यनेचे मोठे केंद्र आहे. मराठी साधकांचा तौलनिक अभ्यास करण्यास ही भूमी अनुकूल आहे. मात्र त्यासाठी परकीय प्रश्नावलींचे केवळ भाषांतर पुरणार नाही. साधकास स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे, सूचनेतील पदे प्रश्नांत येऊ देऊ नयेत, जोडीच्या अभ्यासाचा परिणाम स्वतंत्र तपासावा आणि संख्येबरोबर वाक्यही वाचावे. लाइपझिगच्या प्रकल्पाने प्रश्न योग्य रीतीने विचारला, हे त्याचे चिरंतन ऋण होय. उत्तर ज्या भाषेत मिळते, त्या भाषेचे परीक्षण हे पुढील कार्य आहे.