'इंग्लिश विंग्लिश'मधला वर्ग: शशी गोडबोलेला वाचता येत होते

गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुण्यात लाडू करून विकणारी शशी गोडबोले (श्रीदेवी) भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते आणि चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात गुपचूप नाव घालते. या चित्रपटाविषयी लिहिणारे बहुधा घरातल्या मानापमानावर लिहितात. आपण फक्त त्या वर्गाकडे पाहू. प्रौढांचा भाषेचा वर्ग हिंदी चित्रपटात इतक्या जिव्हाळ्याने क्वचितच आला आहे, पण अशा वर्गातली सर्वांत अवघड गोष्ट त्यातून सुटली आहे.

वर्गात फ्रेंच आचारी, मुले सांभाळणारी मेक्सिकन एव्हा, पाकिस्तानी टॅक्सीचालक, तमिळ सॉफ्टवेअर इंजिनिअर, केशकर्तन करणारी चिनी मुलगी असे लोक आहेत. सगळ्यांची ओळख एकच: इंग्रजी येत नाही. विनोदही उच्चारांवर आणि चुकलेल्या वाक्यांवर. पण इंजिनिअर दिवसभर कामावर इंग्रजी वाचत असणार, त्याचे अडते ते बोलणे. फ्रेंच आचाऱ्याची लिपी तर इंग्रजीचीच. टॅक्सीचालक उर्दू वाचत असेल तर उजवीकडून डावीकडे. आणि शशी? जाहिरात वाचून ती वर्ग शोधते, शेवटी विमानात हिंदी वर्तमानपत्र मागते. त्या दृश्याला स्वभाषेच्या अभिमानाबद्दल टाळ्या मिळतात. मला त्यात आणखी एक दिसते, की शशी वाचणारी बाई आहे.

याने फरक काय पडतो? १९७९ साली होझे मोराईस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये निरक्षर प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी गाळून उरलेला भाग म्हणायला सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र बऱ्यापैकी जमले. १९८६ साली चीनमधल्या अभ्यासात दिसले की फक्त चिनी चिन्हे वाचणाऱ्यांनाही हे जड जाते, रोमन लिपीतले पिनयिन शिकलेल्यांना जात नाही. तेव्हा इथे बुद्धीचा प्रश्न नाही. कोणती लिपी शिकायला मिळाली, मिळाली की नाही, याचा आहे.

'जॅझ'चा प्रसंग आठवा. शशीचा उच्चार ऐकून मुलगी आणि नवरा हसतात. 'जीवन'मधला ज आणि 'जाड'मधला ज मराठीत वेगळे आहेत, अक्षर मात्र एकच. अशा भाषेतून आलेल्या माणसाची जीभ 'जॅझ'वर घसरली तर त्यात अडाणीपणा कसला? हे शिक्षक डेव्हिडला कळणे कठीण, तुम्हाला मात्र कळायला हवे.

अमेरिकेच्या नावाआधी 'द' लागतो, मग इंडियाआधी का नाही, असे शशी वर्गात विचारते. अध्यापनाच्या दृष्टीने हा चित्रपटातला सर्वोत्तम क्षण, यात शंका नाही. पण 'द' हा सुटा शब्द म्हणून डोळ्यांना दिसण्याची सवय बहुतेक वेळा वाचनाने लागते.

जबलपूरला आमच्या कॉलेजात मी एकदा वसतिगृहाच्या आणि प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग घेतला. हाच चित्रपट डोक्यात होता. हिंदीत अर्थ दिलेले कागद सगळ्यांना वाटले. पोळ्या करणाऱ्या एक बाई कागद नीट घडी घालून घरी न्यायच्या. तोंडी उत्तरे सर्वांत चटकन त्यांचीच. आठव्या दिवशी मी त्यांना फळ्यावरचे वाक्य वाचायला सांगितले. त्या हसल्या, गप्प बसल्या. नवव्या दिवसापासून आल्या नाहीत. त्यांना हिंदीही वाचता येत नव्हते, आणि पहिल्या दिवशी मी ते विचारलेच नव्हते. प्रयोगशाळेतले दोघे पदवीधर कागद वाचत बसले असताना या बाईंबरोबर दहा मिनिटे डब्यांवरच्या नावांची अक्षरे गिरवता आली असती. मला ते वर्ग मोडल्यावर सुचले.

चित्रपटातली अंतिम परीक्षा पाच मिनिटांच्या भाषणाची आहे. ती त्या बाई पास झाल्या असत्या, कदाचित शशीसारख्याच विशेष प्राविण्याने. पण डेव्हिडच्या वर्गापर्यंत त्या पोहोचल्या नसत्या, कारण आधी ती जाहिरात वाचावी लागते.