सोलो एकीचा, शाळा दुसरीची

जपानमध्ये मुलं वाढवणाऱ्या आपल्या घरांना ‘बुकात्सु’ हा शब्द नवा नाही. शाळा सुटल्यावरचं हे मंडळ मुलांचे शनिवार-रविवारही गिळून टाकतं. त्यातून मुलीने शाळेचा बँड निवडला, की आपण मराठी आईबाप लगेच विचारतो, “वाजव गं हौसेनं, पण पुढे काय?” क्योटो अ‍ॅनिमेशनची ‘हिबिके! युफोनियम’ ही मालिका हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त गांभीर्याने घेते, म्हणून तिच्याविषयी चार शब्द.

ताकेदा आयानो यांच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०२४ च्या तिसऱ्या पर्वाने तिचं कथानक पूर्ण झालं. मधल्या काळात, १८ जुलै २०१९ रोजी, या स्टुडिओला कुणीतरी आग लावली आणि ३६ जण प्राणांना मुकले. त्यानंतर हे पर्व पूर्ण झालं, ही साधी गोष्ट नव्हे.

क्योटोजवळच्या उजी गावातली किताउजी शाळा. कुमिको युफोनियम वाजवते, तिची मैत्रीण रेइना ट्रम्पेट. रेइनाला नामवंत वादक व्हायचंय, यात तिला शंका नाही. कुमिकोचं वाद्यच अडचणीचं. शाळांच्या बँडमध्ये युफोनियमला मान आहे, पण सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याला कायमची खुर्ची नसते. म्हणजे नोकऱ्या मोजक्याच. मालिका हे वास्तव लपवत नाही.

तिसऱ्या पर्वात राष्ट्रीय स्पर्धेआधी सोलोसाठी चाचणी होते. पडद्याआड कुमिको आणि नव्याने आलेली मायु वाजवतात, बाकीची मुलं मत देतात. मतं समसमान पडतात आणि शेवटचं मत रेइनाचं असतं. मैत्रिणीचा सूर ओळखूनही ती मायुला मत देते. कादंबरीत सोलो कुमिकोलाच मिळतो. मालिकेने हा शेवट बदलला, त्यावर चाहते बरेच नाराज झाले. मला मात्र हा बदल कथेला उंचीवर नेणारा वाटतो. तीन वर्षं ‘जो चांगला वाजवील तो वाजवील’ असं सांगत आलेली गोष्ट नायिकेपाशी येऊन मऊ पडली असती, तर सगळंच खोटं ठरलं असतं.

दोन ठिकाणी मात्र मालिका कमी पडते. निवडीची जबाबदारी गुरूची. ताकी सेन्सेई ती मुलांच्या हात वर करण्यावर सोपवतात, आणि एका मुलीला जिवलग मैत्रिणीविरुद्ध कौल द्यावा लागतो. लोकशाहीच्या नावाखालची ही पळवाट कथेत कुणी पुरेशी धरत नाही. दुसरं असं, की कुमिको संगीत महाविद्यालयाचा विचार सोडते आणि अखेरीस त्याच शाळेत बँडची साहाय्यक मार्गदर्शक म्हणून दिसते. मधली वर्षं गायब! रेइनाच्या ध्यासाला तीन पर्वं मिळाली. शिक्षिका घडण्याच्या वाटेला मात्र काही मिनिटं.

ही उपेक्षा फक्त जपानी नाही. हिंदी चित्रपटसंगीतातलं ट्रम्पेट बव्हंशी गोव्याच्या वादकांनी वाजवलं. सी. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट यांचं नाव तरी रसिकांना आठवतं. पण गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलेखन वाचायला शिकवणाऱ्या मास्तरांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

तरीही एका गोष्टीसाठी मी मालिकेला पूर्ण गुण देईन. सोलो हुकला म्हणून कुमिको शिक्षिका झाली, असं ती कुठेही सुचवत नाही. नव्या मुलांची भांडणं मिटवताना, रडणाऱ्यांजवळ बसताना तिच्यातली शिक्षिका आधीच दिसू लागलेली असते. वाजवणं आणि शिकवणं या एकाच जिन्याच्या वरच्या-खालच्या पायऱ्या नव्हेत. मुलांबरोबर बसून जरूर पाहा. मग ‘पुढे काय’ विचारताना आपला सूर थोडा खाली येईल.