मराठी कुमारकादंबरी आणि अंतराळयान

ज्याने पायाखाली माती कधी अनुभवली नाही, ज्याचा जन्म तारकांमधून मार्ग क्रमणाऱ्या यानात झाला आणि ज्याच्या प्रवासाचे गंतव्य त्याच्या पणजोबांनीच कायम करून ठेवले आहे, असा पंधरा-सोळा वर्षांचा नायक मराठी कादंबरीत कोठे भेटतो, असे कोणी विचारले, तर विज्ञानकथेची शतकाहून अधिक जुनी परंपरा पाठीशी असूनही आपणांस निरुत्तर व्हावे लागते.

वास्तविक आरंभ दमदार होता. कोचीनसारख्या दूरच्या मुलखात जन्मलेल्या 'केरळकोकिळ' मासिकाने 1900 साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा 'चंद्रलोकची सफर' या नावाने मराठी वाचकांपुढे ठेवली, आणि 1911 साली श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरी असा काही वावरू दिला की, तो परका पाहुणा आहे याचे भान कोणास राहिले नाही. भागवतांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या वाक्यांतील चपळाई आजही शिळी वाटत नाही. परंतु व्हर्नचे यान हे मुळात वाहन आहे. त्यात बसावयाचे, साहस करावयाचे आणि घरी परतावयाचे. ज्यांना परतावयास घरच नाही, अशांची वस्ती तेथे नाही.

मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेसाठी 1974 साली 'ना. वि. जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवून जयंत नारळीकरांनी पारितोषिक मिळविले, आणि तेथून या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठेची सनद मिळाली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांनी ती पुढे चालविली. मात्र स्पर्धा आणि दिवाळी अंक या दोन आश्रयदात्यांनी लघुकथेचा शिरस्ता पाडला. एक कल्पना, तिचे चटकदार उलगडणे, शेवटी कलाटणी. नारळीकरांच्या 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' या कादंबऱ्यांतही अद्भुत चालत येते ते पृथ्वीवरच, आणि त्याचा निवाडा करावयास शास्त्रज्ञ बसतात. विज्ञानाशी त्यांनी राखलेले इमान निर्विवाद आहे, तरी त्यांची पात्रे पुष्कळदा कल्पनेची वाहक राहतात, आणि कुमारवयातील मनाची तगमग तेथे अभावानेच आढळते.

या अभावाचे स्वरूप कळण्यास अमेरिकन लेखक अलेक्सी पॅन्शिन यांची 1968 ची 'राइट ऑफ पॅसेज' ही कादंबरी उपयोगी पडते. यानातच वाढलेल्या मिया हॅवेरो या मुलीला चौदाव्या वर्षी एका वसाहतग्रहावर तीस दिवस जिवंत राहून दाखवावे लागते. त्यानंतरच यान तिला प्रौढ मानते. यंत्रांचे वर्णन या कथेत गौण आहे. ज्ञानाचा ठेवा स्वतःपाशी राखून वसाहतींना तुच्छ लेखणारा यानाचा समाज अखेरीस मतदान करून त्या ग्रहाच्या संहाराचा हुकूम काढतो, आणि ज्या समाजाने आपणांस वाढविले तो न्यायी आहे काय, या प्रश्नापाशी मिया येऊन उभी राहते. हवा, पाणी, शिधा यांचा चोख हिशेब ठेवणारे दप्तर, ते सांभाळणारे अंमलदार, पूर्वजांचे फर्मान आणि त्या फर्मानाची कैफियत मागणारे नवे वय, असा हा अंतराळयानाचा खरा कथाविषय आहे.

तो आम्हा कर्नाटक सीमाभागातील मराठी वाचकांना परका वाटण्याचे कारण नाही. बिदर जिल्ह्यातील आमचे ठाणाकुशनूर आणि भोवतालचा औराद-कमलनगरचा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली, उदगीर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात आलो. घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, अशा व्यवहारात वाढणारे येथील मूल एका अशा निर्णयात जन्मास येते, ज्याच्या वेळी त्याला कोणी विचारले नव्हते. यानात जन्मलेल्या मुलाची अवस्था याहून वेगळी ती काय? बिदरला वैमानिकांना शिक्षण देणारा हवाई दलाचा तळ आहे, म्हणजे आकाशाचे आकर्षण येथील मुलांना शिकवावे लागत नाही. त्यांच्या हाती द्यावयास पुस्तक मात्र नाही.

दोष केवळ लेखकांचा नाही. आपल्या प्रकाशनव्यवहारात बालवाङ्मय बाराव्या वर्षाच्या सुमारास संपते आणि त्यानंतर एकदम प्रौढ साहित्य सुरू होते. मधल्या वयाला स्वतंत्र फडताळ नाही. नाशिकच्या 94 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 2021 साली नारळीकरांकडे आले, आणि पुढच्याच वर्षी 95 वे संमेलन आमच्या शेजारी उदगीरला भरले. विज्ञानकथा आणि सीमावर्ती मुलूख या दोहोंना लागोपाठ मिळालेला हा मान वाया जाऊ नये. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात निवर्तले; त्यांच्यामागे उरलेली ही जागा भरावयाची तर सीमाभागातील तरुण लेखकांनी आपल्या बोलीसह, आपल्या तीन भाषांसह यानाची कादंबरी लिहावयास घ्यावी, आणि प्रकाशकांनी ती लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांत न मिसळता कुमारवाचकांसाठी म्हणून स्वतंत्रपणे छापावी, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.