‘द नन्स स्टोरी’ : नम्रता, विद्या आणि आफ्रिकेतील सेवा

मिशन रविवार जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतील प्रवचनांतून आफ्रिकेत सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचा उल्लेख हमखास होतो. त्याचा साचाही ठरलेला असतो: घरदार सोडून गेलेली एक भगिनी, रोगाने गांजलेली अनाम माणसे, अपार कष्ट आणि शेवटी मरण. या वर्णनात खोटे काही नाही. परंतु त्यात आपण नेमके कशाचे गुणगान करतो, हे मात्र क्वचितच तपासले जाते. आपल्या मनातील हे चित्र घडविण्यात पुस्तकांइतकाच चित्रपटांचाही हात आहे. म्हणून त्यांपैकी सर्वांत गंभीर आणि सर्वांत प्रामाणिक अशा एका चित्रपटाची चिकित्सा येथे करावयाची आहे.

‘द नन्स स्टोरी’ हा फ्रेड झिनेमान यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९५९ साली पडद्यावर आला. कॅथरिन ह्यूम या अमेरिकन लेखिकेची त्याच नावाची कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत काम करीत असता ह्यूम यांची मारी लुईझ हाबेट्स या बेल्जियन परिचारिकेशी ओळख झाली. हाबेट्स या पूर्वाश्रमीच्या धर्मभगिनी; १९३० च्या दशकात त्यांनी बेल्जियन काँगोत रुग्णसेवा केली होती. त्यांच्याच आयुष्यावर ही कथा आधारलेली आहे. चित्रपटातील सिस्टर ल्यूकची भूमिका ऑड्री हेपबर्न यांनी केली, आणि काँगोतील प्रसंगांचे चित्रीकरण तेव्हाच्या स्टॅनलीव्हिल, म्हणजे आजच्या किसांगानी परिसरात झाले.

प्रथम या कृतीचे ऋण मान्य केले पाहिजे. मठजीवनाचे इतके संयत चित्रण पडद्यावर क्वचितच झाले असेल. घंटेचा आदेश, रात्रीचे महामौन, भगिनींसमोर केलेली दोषांची जाहीर कबुली, व्रतग्रहणाचा विधी या सर्वांकडे दिग्दर्शक कुतूहलाने किंवा उपहासाने पाहत नाही. आतल्या माणसाच्या गांभीर्याने पाहतो. व्रत ही एका दिवसाची घटना नसून रोज नव्याने करावयाची निवड आहे, हे प्रेक्षकाला उपदेशावाचून कळते. आणि तरीही नेमक्या या प्रामाणिकपणामुळेच चित्रपटाच्या गाभ्याशी असलेली एक गफलत सहज नजरेआड होते.

ही गफलत परीक्षेच्या प्रसंगात आहे. ल्यूक ही एका नामांकित शल्यविशारदाची मुलगी. वडिलांच्या प्रयोगशाळेत तिचा हात आणि डोळा तयार झालेला. उष्ण कटिबंधातील रोगांच्या अभ्यासक्रमात ती सहजच पुढे असते, आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका वयस्क भगिनीला हे सलते. तेव्हा तेथील मठमाता ल्यूकला सुचविते, की नम्रतेची साक्ष म्हणून तिने जाणूनबुजून परीक्षेत नापास व्हावे व ते अपयश परमेश्वराला अर्पण करावे. ल्यूक रात्रंदिवस तळमळते. अखेर परीक्षकांपुढे तिच्या तोंडून खरी उत्तरे निघतात, ती उत्तम रीतीने उत्तीर्ण होते, आणि तिची रवानगी काँगोऐवजी मनोरुग्णांच्या इस्पितळात होते.

हा सारा पेच चित्रपटाने दोघींमधला म्हणून रंगविला आहे: एका बाजूस आज्ञापालन, दुसऱ्या बाजूस अहंता. ल्यूक चुकली की मठमाता, एवढाच प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उरतो. परंतु या प्रसंगात तिसराही कोणी आहे आणि तो पडद्यावर कोठेच दिसत नाही. तो म्हणजे काँगोतील रुग्ण. ल्यूक नापास झाली असती, तर तिच्या नम्रतेची किंमत कोणी मोजली असती? निद्रारोग ओळखू शकणारी एक परिचारिका कमी मिळाल्याने ज्याचा प्राण गेला असता, त्या माणसाने. दुसऱ्याच्या जिवावर केलेला त्याग हा त्याग नव्हे. ज्याने मालकाची ठेव जमिनीत पुरून ठेवली त्या दासाला प्रभूने शाबासकी दिली नाही. आणि तो दासही आपल्या परीने सावधपणे, भीतभीतच वागला होता. विद्या ही भगिनीची खासगी मालमत्ता नाही, म्हणून तिने तिचा गर्व करू नये, हे खरे. पण ती खासगी नाही म्हणूनच ती टाकून देण्याचा अधिकारही तिला नाही, आणि तिच्या मठमातेलाही नाही.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आपण दयेचा दृष्टान्त म्हणून शिकवितो. त्यातील तपशील मात्र पाहण्यासारखा आहे. त्याला कळवळा आला एवढ्यावरच संत लूक थांबत नाहीत. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढील शुश्रूषेच्या खर्चाची तजवीज केली. तेल आणि द्राक्षारस हे त्या काळचे औषध होते. शोमरोन्याला जखम कशी हाताळावी हे ठाऊक होते, आणि आपल्या पश्चात रुग्णाचे काय, याचाही त्याने विचार केला होता. शुभवर्तमानातील दया ही अशी जाणती दया आहे.

ख्रिस्तसभेला हे उमगण्यास वेळ लागला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. व्रतस्थ स्त्रियांनी वैद्यक, विशेषतः प्रसूतिशास्त्र, आचरणात आणण्यावर दीर्घकाळ निर्बंध होते. रावळपिंडीत, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, परपुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या स्त्रिया बाळंतपणात मरताना पाहून डॉ. ॲना डेंगल यांनी १९२५ साली वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ सुरू केला. पण संघातील स्त्रियांना पूर्ण अर्थाने व्रतस्थ होता येत नव्हते. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने आदेश काढून भगिनींना वैद्यक व प्रसूतिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेण्याची आणि ते काम करण्याची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी मदर मेरी मार्टिन यांनी नायजेरियात वैद्यकीय सेवेला वाहिलेल्या एका नव्या संघाची स्थापना केली. म्हणजे ज्या दशकात आपल्या कथेतील मठमाता ल्यूकला अपयश अर्पण करण्यास सांगते, त्याच दशकात ख्रिस्तसभा नेमका उलटा धडा शिकत होती. चित्रपटाला या घडामोडीची चाहूलही नाही.

विद्येच्या अभावाचे मोल काय असते, हे त्याच काँगोत १९७६ साली दिसून आले. देशाचे नाव तेव्हा झाईर होते. उत्तरेकडील याम्बुकू येथे बेल्जियन मिशनचे १२० खाटांचे इस्पितळ होते. भगिनी तेथे परिचारिका व सुईणी म्हणून राबत. निवासी डॉक्टर नव्हता. बाह्यरुग्ण विभाग, गर्भवतींची तपासणी आणि आतील खाटा या सर्वांसाठी रोज सकाळी पाच सिरिंज व सुया दिल्या जात. दोन रुग्णांच्या मध्ये त्या कधी कोमट पाण्यात खळबळल्या जात, कधी तेवढेही नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस, पुढे इबोला या नावाने ओळखला जाऊ लागलेला रोग तेथे आला आणि त्या सुयांवरूनच पसरला. एकूण ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. इस्पितळातील १७ सेवकांपैकी ११ मरण पावले. त्यांत भगिनीही होत्या. चौकशीअंती आढळले, की दूषित सुईमुळे ज्यांना लागण झाली त्यांपैकी एकही वाचला नाही.

याचा ठपका त्या भगिनींच्या माथी मारणे हा अन्याय ठरेल. डॉक्टर न देणारे शासन, अपुरी साधने, रोज दारात उभी राहणारी शेकडो माणसे आणि तोवर जगाला अज्ञात असलेला विषाणू या सर्वांत त्या एकाकी होत्या. त्या पळून गेल्या नाहीत, रुग्णांबरोबर मेल्या. पण त्यांच्या मरणाचे पावित्र्य सांगताना त्या पाच सुया वगळणे हीसुद्धा एक असत्य साक्षच आहे. गर्भवती स्त्रिया विश्वासाने इंजेक्शन घेण्यास आल्या आणि मरण घेऊन घरी गेल्या. त्यांचेही मरण आपल्या प्रवचनात असले पाहिजे. १९९५ साली किक्विट येथे याच रोगाने बर्गामोच्या सहा इटालियन भगिनी शुश्रूषा करताना एकीमागून एक गेल्या, आणि २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक लववावे. परंतु हातमोजे, स्वच्छ सुया आणि प्रशिक्षित हात यांची मागणी करणे म्हणजे त्यांच्या विश्वासात उणेपणा काढणे नव्हे.

चित्रपटाचा दुसरा दोष आफ्रिकेविषयीचा आहे. ल्यूकला स्थानिक लोकांची सेवा करावयाची असते. तिला मिळते युरोपियनांचे इस्पितळ. येथे वसाहतीतील वर्णभेदावर बोट ठेवण्याची संधी होती. पण दिग्दर्शकाला रस आहे तो ल्यूकच्या निराशेत. नास्तिक पण कुशल डॉक्टर फोर्चुनाती तिच्या क्षयरोगापेक्षा तिच्या अंतरीच्या झगड्याचेच निदान अधिक अचूक करतो. सारे खोल संवाद युरोपियनांमध्येच घडतात. काँगोचे लोक हसतमुख मदतनीस, रुग्ण, किंवा मांत्रिकाच्या सांगण्यावरून एका भगिनीचा खून करणारा मनुष्य एवढ्याच रूपांत दिसतात. आफ्रिकेतील स्त्री स्वतःच धर्मभगिनी असू शकते, ही शक्यता कथेच्या केंद्राच्या आसपासही येत नाही.

वास्तविक मदर केव्हिन यांनी युगांडात आफ्रिकन भगिनींचा संघ १९२३ सालीच स्थापिला होता. आणि हा चित्रपट झळकला त्याच १९५९ साली, ईशान्य काँगोतील ‘जामा ताकातिफू’, म्हणजे पवित्र कुटुंब, या स्थानिक संघात आन्वारिते नेंगापेता या तरुणीने व्रते घेतली. १९६४ च्या बंडाळीत सैनिकांनी तिला इतर भगिनींसह इसिरो येथे नेले. आपल्या व्रताचा भंग करण्यास तिने ठाम नकार दिला, आणि १ डिसेंबरच्या पहाटे मारेकऱ्याला क्षमा करून तिने प्राण सोडला. १९८५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी किन्शासा येथे तिला धन्यवादित घोषित केले. ती ज्या भूमीत वाढली, ती चित्रीकरणाच्या जागेपासून फार दूर नव्हती. कॅमेऱ्याला मात्र ती दिसण्यासारखी नव्हती.

क्षमेचा हा धागा आपल्याला चित्रपटाच्या शेवटाकडे नेतो. ल्यूक बेल्जियमला परतते, युद्ध सुरू होते, जर्मनांच्या गोळीबारात तिचे वडील मारले जातात, आणि शत्रूला क्षमा करणे आपल्याला शक्य नाही हे ओळखून ती मठ सोडते. शेवटच्या दृश्यात पार्श्वसंगीत नाही. ती साधे कपडे चढविते, दार उघडते आणि गल्लीच्या टोकाशी नाहीशी होते. तिचा विजय झाला की पराभव, हे दिग्दर्शक सांगत नाही, आणि हे मौन या चित्रपटातील सर्वोत्तम गोष्ट आहे. तोंडाने क्षमा म्हणत मनात द्वेष बाळगण्यापेक्षा तिने सत्य पत्करले. आन्वारितेचे उदाहरण घेऊन ल्यूकला हिणवणे बरोबर नाही. क्षमा ही कृपा आहे. ती मागता येते, तिची सक्ती करता येत नाही. पण दोघींना शेजारी उभे केले म्हणजे एक गोष्ट उघड होते: ज्या आफ्रिकेला युरोप विश्वास शिकवायला गेला, तिच्याचकडून विश्वास शिकण्याची पाळी पाच वर्षांतच आली, आणि आपल्या कथांनी याची पुरेशी नोंद घेतलेली नाही.

हा चित्रपट आपल्या विद्यार्थ्यांना व नवदीक्षितांना अवश्य दाखवावा, असेच माझे मत आहे. मात्र दाखविल्यानंतर दोन प्रश्न विचारल्यावाचून सभा संपवू नये. परीक्षेच्या त्या प्रसंगात रुग्ण कोठे आहे? आणि या कथेत नाव असलेली, विचार करणारी, व्रत घेणारी आफ्रिकन स्त्री कोठे आहे? आज भारतातूनही अनेक धर्मभगिनी आफ्रिकेत जातात. आपल्या धर्मग्रामातील एखादी मुलगी उद्या त्या वाटेने निघाली, तर तिच्यासाठी प्रार्थना करावीच. पण तिला तिचा अभ्यास पुरा करू द्यावा, तेथील भाषा शिकण्यास अवधी द्यावा, आणि तेथील भगिनींच्या हाताखाली काम करण्याची मनाची तयारी करून द्यावी. ती गेल्यावर जी वर्गणी आपण गोळा करू, तीत सुयांचेही पैसे असावेत.